पुलाचा जुना पत्ता

अपडेट करा, अपडेट करा म्हणून ती डबी महिनाभर माझ्या जिवावर उठली होती आणि मी तिला टोलवत होते. चालतंय ते चालू द्यावं, उगाच हात लावू नये, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी सांगलीत एका सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. सर्व्हर, नेटवर्क, शाखाधिकाऱ्यांचा कायम रुसलेला प्रिंटर, सगळं माझ्या गळ्यात. पण ही डबी बँकेची नव्हे. ती आमच्या ह्यांच्या कमरेला असते आणि तिच्यावर ह्यांचे पाय चालतात. चालायचे, म्हणायला हवं.

हे म्हणजे धैर्यशील माने. लाईनमन होते. वादळानंतर तार जोडताना खांबावरून पडले आणि पाठीचा कणा मोडला. कण्यातून मज्जारज्जू जाते, ती म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणारी केबल. ह्यांची केबल कमरेच्या वर तुटली. मेंदू वरून हुकूम सोडतोय, पाय खाली ताटकळतायत, आणि मधे सगळं बंद. पुढे ती नवी शस्त्रक्रिया निघाली. तुटल्या जागेच्या वर एक चिप बसवतात, खाली एक. वरची चिप मेंदूचा हुकूम वाचते आणि बिनतारी डबीकडे पाठवते, डबी तो खालच्या चिपला देते, आणि खालची चिप स्नायू हलवते. पायांना जे जाणवतं ते त्याच वाटेनं उलटं वर जातं. जमिनीचा खडबडीतपणा, फरशीचा गारवा, सगळं. वर गेलं नाही तर पाय कुठे पडला हेच माणसाला कळणार नाही.

डबी एवढीशी, साबणाच्या वडीएवढी. आत लिनक्स, म्हणजे आमच्या बँकेच्या सर्व्हरवर असते तीच सिस्टीम. दोन रेडिओ, एक वरच्या चिपशी बोलणारा आणि एक खालच्या. ह्या दोघांना जोडायला एक नेटवर्क इंटरफेस असतो, पण तो आभासी. हाताला लागेल अशी वस्तू नाहीच ती. सिस्टीम सुरू झाली की सॉफ्टवेअरमध्ये उभी राहते, बंद केली की नसते. आम्ही तिला पूल म्हणतो. माझा नवरा सहा वर्षं एका नसलेल्या पुलावरून चालत होता, आणि दुसऱ्याच वर्षी डबीची कंपनी बुडाल्यामुळे त्या पुलाची डागडुजी माझ्याकडे होती. नोकरीतून आलं की घरची नोकरी. तक्रार नव्हती माझी. दमायला मात्र व्हायचं.

तर शेवटी अपडेट करणं भागच पडलं. जुन्या सिस्टीममध्ये एक भोक सापडलं होतं. त्यातून शेजारच्या इमारतीत बसलेला कुणी टवाळही ह्यांचे पाय हलवू शकला असता. रस्ता ओलांडताना कुणी तसं केलं तर, ह्या विचारानं माझी झोप उडाली. रविवारी सकाळी ह्यांना पलंगावर बसवलं, डबी लॅपटॉपला जोडली आणि अपडेट चालवलं. बॅकअप घेतला होता, तेवढी काही मी येडी नाही. सगळं हिरवं आलं. एकही चूक नाही. म्हटलं, अहो, उठा आता, चहा टाका.

ते उठायला गेले आणि उठलेच नाहीत. कमरेपासून खाली जणू कुणी दुसऱ्याचे पाय आणून लावले होते.

मी डॉक्टर बागवान मॅडमना फोन लावला. मिरजेच्या ह्या बाईंनीच शस्त्रक्रिया केली होती. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. खालची चिप फक्त ओळखीच्या पुलाशीच बोलते. आठवडाभर ओळखीचा कुणी भेटला नाही, तर ती स्वतःला कायमचं कुलूप लावते, भलत्याच्या हाती पडू नये म्हणून. ते कुलूप उघडायचं तर पाठ परत उघडावी लागेल, आणि ह्यांची पाठ आता ते सोसणार नाही. म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत मला जमलं नाही, तर पाय गेले ते गेले.

सोमवारी बँकेत रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. नवऱ्याचा नेटवर्क प्रॉब्लेम आहे म्हटलं, तर हसले.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना सांगते, सगळ्यात वाईट बिघाड तो, ज्यात काहीच बिघडलेलं दिसत नाही. स्क्रीन म्हणतेय पूल उभा आहे. दोन्ही रेडिओ चालू आहेत. वरची चिप बोलते आहे, आणि ती तर इतकी स्पष्ट बोलत होती की मला बघवेना. ह्यांनी अंगठा हलवायचं मनात आणलं की माझ्या स्क्रीनवर आकडा उसळायचा. इच्छा पुलापर्यंत यायची. पुढे तिला घ्यायला कुणी नाही. खालच्या बाजूला शून्य.

जुन्या सिस्टीमवर परत जाऊन पाहिलं. जाऊ देईना, सुरक्षेचं अपडेट होतं, मागचं दार बंद करूनच आलेलं. बॅकअप उघडला, तर पुलाची मांडणी कंपनीनं सीलबंद कप्प्यात ठेवलेली, आणि तो कप्पा बॅकअपमध्ये येतच नाही. रेडिओची बॅटरी बदलली. रेडिओ चालवणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, म्हणजे ड्रायव्हर, तोही बदलला. पूल पाडून परत बांधला, चार वेगवेगळ्या तऱ्हांनी. मंगळवारी आमच्या 'पूलवाले' ग्रुपवर विचारलं. तिथे हीच डबी लावलेले देशभरचे लोक आहेत. कुणी म्हणालं सगळं पुसून नव्यानं टाका. कुणी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आणि वर्ध्याच्या एका गृहस्थानं नेमका हाच प्रॉब्लेम पंधरवड्यापूर्वी लिहिलेला सापडला! मी अधाशासारखी खाली गेले, तर त्याचाच पुढचा निरोप होता, 'झालं, धन्यवाद.' काय झालं, कसं झालं, काही नाही. मी त्याला फोन केला, मेसेज केले. मेल्याचा फोन बंद. असल्या माणसांना खरंतर शिक्षा असायला हवी.

आणि ह्या सगळ्यात आमचे हे मजेत. माझ्या डोक्याला मुंग्या आल्या होत्या आणि हे पलंगावर पडून गुणगुणत होते. दोनदा आमटी मागून घेतली. दुपारी असे घोरले की मगदूम काकूंनी खालच्या मजल्यावरून विचारलं, घरात कोण पाहुणे आलेत? ह्यांना शांत झोपलेलं मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. रात्ररात्र चुळबुळ करणारा माणूस हा. पहिल्यांदा वाटलं, मला धीर यावा म्हणून नाटक चाललंय. मग राग आला. बुधवारी मी फडाफडा बोलले. म्हटलं, इथे मी मरतेय तुमच्या पायांसाठी आणि तुम्ही सुट्टीवर आल्यासारखे लोळताय. त्यांनी पाणी मागितलं फक्त.

गुरुवारी मला निदान चूक कुठे आहे ते कळलं. नेटवर्कमध्ये प्रत्येक इंटरफेसला एक पत्ता असतो, अंक-अक्षरांचा. खालच्या चिपनं ऑपरेशनच्या टेबलावर पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा ज्या पत्त्याचा पूल समोर होता, तोच तिनं मनात धरला. तोच पूल आपला, बाकी सगळे परके. जुनी सिस्टीम तो पत्ता सांभाळून होती. नवीन सिस्टीम शिस्तीची. तिनं नियमाप्रमाणे पुलाला नवाकोरा पत्ता बनवून दिला आणि जुना टाकून दिला. पूल तोच, जागा तीच, काम तेच. पण नाव बदललं म्हणून खालची चिप त्याला दारात उभं करेना.

जुना पत्ता आता कुठे शोधायचा? अंदाजानं बसवायचा म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. मी लॅपटॉप बाजूला सारला आणि भांडी घासायला घेतली. घासता घासता आप्पा आठवले, माझे वडील.

मी माहेरची केतकी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ईश्वरी लिहिलं आणि त्या दिवसापासून सासरी सगळ्यांनी मला ईश्वरी म्हणायचं ठरलं. मीही फार मनाला लावून घेतलं नाही. पण आप्पांना ते काही जमलं नाही. ते घरच्या फोनवर फोन करायचे आणि विचारायचे, केतकी आहे का? सासूबाई म्हणायच्या, इथे ह्या नावाचं कुणी नाही, आणि फोन ठेवायच्या. मी स्वयंपाकघरात उभी, चार पावलांवर. आप्पा दुसऱ्या दिवशी परत करायचे. परत तेच नाव. जाईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. जो नवीन नाव मानत नाही, तो गप्प कशाला बसेल? तो जुन्या नावानं हाका मारत असणार! खालची चिप बोलत नव्हती असं नव्हतंच. ती बोलत होती, पण जुन्या पत्त्यावर. आणि आपल्या नावाची नाही अशी हाक यंत्र ऐकतच नाही, सरळ टाकून देतं, म्हणून स्क्रीनवर मला शून्य दिसत होतं. ओल्या हातांनीच मी लॅपटॉप ओढला आणि रेडिओला सगळं ऐकायच्या मोडवर टाकलं. कुणाच्याही नावाचं असो, आलेलं सगळं दाखव म्हटलं.

आणि आली की ओळ. मग दुसरी, तिसरी. दर काही सेकंदांनी एक, रविवारपासून अखंड. प्रत्येकीवर एकच पत्ता, आणि तो आमच्या नव्या पुलाचा नव्हता. मी हुंदके देऊन रडले. आनंदानं म्हणा, थकव्यानं म्हणा, मला काही वेगळं काढता येईना.

आता एकच ओळ लिहायची होती, पुलाला हा जुना पत्ता दे. मी ती लिहिली, लॅपटॉप घेऊन ह्यांच्याजवळ पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं, आप्पांसकट. बघा हं, म्हटलं, आता बटण दाबते.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब जरा," म्हणाले. "मला आधी काहीतरी सांगायचंय. तू चिडशील."

मग ते छताकडे बघत बोलत राहिले. शस्त्रक्रियेनंतर पायांत आग व्हायची, हे मला माहीत होतं. तुटलेल्या केबलवर उलटा येणारा निरोप मेंदूला नीट वाचता येत नाही, तो त्याला जळल्यासारखा वाचतो, काही महिन्यांत मेंदू शिकेल, असं बागवान मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या. काही महिन्यांनी ह्यांनी सांगितलं, थांबली आग. मी पेढे वाटले होते. ती थांबलीच नव्हती. सहा वर्षं. पाय जमिनीला टेकला की निखाऱ्यावर टेकल्यासारखा. रात्री पांघरूण पडलं तरी तसंच. माझा हात पायाला लागला की हे पाय ओढून घ्यायचे, गुदगुल्या होतात म्हणायचे, आणि मी समजायचे की आता आपल्यात पूर्वीसारखं काही राहिलं नाही. ते दुखत होतं म्हणून. रविवारी पूल पडला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना काही दुखलं नाही.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मी चाललो की तुझं तोंड बघण्यासारखं व्हायचं," ते म्हणाले. "त्या डबीचा तुला केवढा अभिमान. बँकेतून दमून येऊन तू तिच्याशी झटत बसायचीस. मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुझ्या ह्या कष्टानं मला भाजतंय?"

मी चिडले. चांगलीच चिडले. तोंडाला येईल ते बोलले, खोटारडे म्हटलं, माझी सहा वर्षं मातीत घातली म्हटलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. तिथे मला जी गोष्ट जाणवली ती मी कुणाला सांगितली नसती, पण आता लपवाछपवीचा वीट आलाय, म्हणून सांगते. रागाच्या खाली मला सुटल्यासारखं वाटत होतं. मीही दमले होते. दर महिन्याला नवं अपडेट, दर महिन्याला धाकधूक, आणि ह्यांच्यासमोर हसरा चेहरा. तुमच्यासाठी करते म्हणताना मलाही ते नकोसं झालं होतं, आणि मी तसं एकदाही म्हटलं नव्हतं. खोटारडी मीही होते.

शुक्रवारी मॅडमना विचारून घेतलं. वर जाणारी वाट तेवढी बंद ठेवता येणार नाही का, म्हणजे चालणं राहील आणि आग जाईल? त्या म्हणाल्या, दोघातिघांवर करून पाहिलंय. पायाला जमीन कळली नाही की तोल जातो. एकाचं खुब्याचं हाड मोडलं आणि मोडल्याचं त्याला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. औषधं? सगळी देऊन झाली आहेत, बाई. आणि मग त्या म्हणाल्या, मला वाटलं होतं त्यांची आग थांबली. मी म्हटलं, आपल्या दोघींनाही तसंच वाटलं होतं.

फोन ठेवून मी ह्यांना विचारलं, काय करायचं? ते म्हणाले, तू सांग. हे नेहमीचं. भाजी कुठली आणू इथपासून ते मला विचारतात. मी म्हटलं, पाय तुमचे आहेत, मी नाही सांगणार. खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"मग नको," ते म्हणाले.

बरं, म्हटलं.

पण 'नको' म्हणून संसार चालत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. व्हीलचेअर घरात फिरेल, खाली कशी जाणार? वीज कंपनीच्या भांडारातलं, म्हणजे स्टोअरमधलं, काम बसून करता येईल असं ह्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं, पण तिथवर रोज पोचायला हवं. बँकेतल्या एका मैत्रिणीच्या माधवनगरला तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. शनिवारी जाऊन बघून आले. दाराला उंबरा नाही, न्हाणीघर मोठं, घेऊन टाकल्या. राहता राहिला जिना. मी म्हटलं, इमारतीतली माणसं बोलावते, खुर्चीसकट उचलून खाली नेतील.

ह्यांनी मान हलवली. "चौघांनी उचलून न्यायची वेळ यायचीय अजून. मी चालत उतरतो. तेवढ्यापुरता पूल बांध."

रविवारी सकाळी, कुलूप पडायच्या आत, मी ती ओळ चालवली. खालच्या चिपची हाक पुलानं पहिल्यांदा उचलली आणि स्क्रीनवर दोन्ही बाजूंनी रहदारी सुरू झाली. ह्यांच्या पायाचा अंगठा हलला. मी आठवडाभर ज्याची वाट बघितली ते हेच, पण मी अंगठ्याकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते माझ्यापासून वळवलं नाही. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला. त्यांनी चपला घातल्या, कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

आणि ओरडले. सरळ, मोठ्यानं, आई गं म्हणून. दुसऱ्या पायरीवर शिवी हासडली. मी ह्यांना लग्नापासून ओळखते, इतक्या शिव्या ह्यांना येतात हे मला माहीत नव्हतं. खांबाला, वादळाला, बुडालेल्या कंपनीला, लिनक्सला, कुणाला म्हणून सोडलं नाही. मगदूम काकू दार उघडून धावत आल्या, त्यांना वाटलं आमची मारामारी चालली आहे. मी म्हटलं, काही नाही काकू, खाली चाललोय. पहिल्या मजल्यावर माझाच धीर सुटला. म्हटलं, अहो, पुरे, बसा इथंच, मी माणसं बोलावते.

"सहा वर्षं गप्प उतरलोय," ते धापा टाकत म्हणाले. "आज ओरडू दे."

मी हात धरला आणि ओरडू दिलं. उरलेला सगळा जिना मी ते ऐकलं.

खाली पार्किंगमध्ये खुर्ची आणून ठेवली होती, फाटकाबाहेर सामानाचा टेम्पो उभा होता. ते तिच्यात धपकन बसले. डबी बंद करायचं बटण मी माझ्या फोनवर घेतलं होतं, पण मी फोन त्यांच्या हातात दिला. आजवर त्या डबीचा पासवर्डसुद्धा माझ्याकडे होता, ते बटण त्यांच्या हातात कधी आलंच नव्हतं. त्यांनी चष्मा वर सरकवला, बटण शोधलं आणि दाबलं. आता आठवड्याभरानं खालची चिप स्वतःला कुलूप लावेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. खांदे खाली आले. फोन परत देत म्हणाले, "चल, ढकल आता."

मी ढकलायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी, खरं सांगते, आतून हलकं वाटत होतं. हे बोलत होते, माधवनगरला चांगला वडापाव मिळतो की नाही, भांडारात पंख्याखालची जागा मागून घ्यावी का. फाटकापाशी मी मागे वळून बघितलं तर ह्यांची डावी चप्पल पार्किंगच्या मधोमध पडलेली. पाय खुर्चीवरून लोंबत होता आणि अनवाणी अंगठा जमिनीवर घासत आला होता. खरचटून रक्त आलं होतं. हे वडापावावरच होते.

मी मागे जाऊन चप्पल आणली, खाली बसून अंगठा पदरानं पुसला, चप्पल घातली आणि पाय उचलून फळीवर नीट ठेवला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

काही नाही, असं तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

"चप्पल पडली होती," म्हटलं. "अंगठा सोललाय. रक्त आलंय. तुम्हाला कळलं नाही."

ते वाकून आपल्या पायाकडे बघत राहिले.

"बरं," म्हणाले. "घरी गेल्यावर हळद लाव."